टचिंगताईंचे चार उंदीर

माझ्या नणंदेने एकतीस वर्षं लोकांची तोंडं दुरुस्त केली. म्हणजे फोटोतली. स्टुडिओच्या तळमजल्यावर फोटो निघायचे आणि पोटमाळ्यावर, खिडकीला चिकटून ठेवलेल्या टेबलाशी बसून ताई त्यांना टचिंग करायच्या. आधी निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने, मग कॉम्प्युटर आल्यावर कॉम्प्युटरवर. कुणाची मुरुमं काढ, कुणाच्या टकलावर दोन बोटं केस चढव, कुणाची कॉलर सरळ कर. एका लग्नाच्या ग्रुप फोटोत नवऱ्यामुलाचे मामा नेमके डोळे मिटून उभे होते, तर ताईंनी त्यांना त्यांच्या धाकट्या भावाचे डोळे बसवले. मामा बेहद्द खूश झाले. इतका रुबाबदार फोटो आपला आजवर आला नव्हता, असं ते येईल त्याला सांगत सुटले.

त्यामुळे गावात त्यांना नावाने कुणी ओळखत नाही. टचिंगताई म्हटलं की लहान पोरही आमच्या घराचं फाटक दाखवतं. मी दातांच्या दवाखान्यात नावं पुकारायचं काम करते, तिथेसुद्धा माझी ओळख ‘टचिंगताईंची भावजय’ अशीच आहे. वीस वर्षं झाली, आता मी तक्रार करणं सोडलंय.

स्टुडिओचा एक नियम होता, तो इथेच सांगून ठेवते. कच्चा फोटो गिऱ्हाइकाच्या नजरेला पडता कामा नये. पूर्वी कधीतरी एका बाईंनी टचिंगच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही फोटो शेजारी शेजारी पाहिले आणि भर दुकानात रडायला लागल्या. तेव्हापासून मालकांनी ठरवलं, टचिंग झालं की कच्चा फोटो त्याच दिवशी नष्ट करायचा. ताईंच्या हातात तो नियम इतका बसला होता की कात्रीने दोरा कापावा तशा त्या कच्चे फोटो पुसून टाकायच्या.

मग लोकांच्या हातात फोन आले, आणि फोनच मुरुमं काढू लागले. स्टुडिओ बंद झाला. मालकांनी निरोप देताना ताईंना एक कॅमेरा दिला, लांब भिंगासकट. ताई घरी बसल्या आणि आमचे हाल सुरू झाले. कामाची सवय असलेलं माणूस रिकामं बसलं की घरच्यांच्या नाकी नऊ येतात. त्यांनी घरातले सगळे अल्बम काढले आणि सगळ्यांना टचिंग केलं. माझ्या हनुवटीवरचा तीळ त्यांनी दोनदा काढला. दुसऱ्यांदा मी घर डोक्यावर घेतलं.

“अगं, एवढं चिडायला काय झालं? छान दिसतेयस की,” त्या म्हणाल्या.

“ताई, तो तीळ माझ्या आईकडून आलाय. तुम्हाला खोडायला नाही दिलेला!”

आमचे हे वर्तमानपत्राच्या मागे दडून बसले होते. बहीण आणि बायको यांच्यामध्ये कुठे बसावं हे त्यांना चांगलं कळतं.

अशाच एका सकाळी मी कपडे वाळत घालत होते. आमच्या परसाच्या टोकाला तारेचं कुंपण आहे, त्याला लागून गवताचा एक पट्टा, आणि पलीकडे शेजाऱ्यांची रोपांची नर्सरी. ताई दारात चहा घेऊन उभ्या होत्या. एकदम हलक्या आवाजात मला म्हणाल्या, “हलू नकोस. गिऱ्हाईक आलंय.”

गवताच्या कडेला पालथ्या घातलेल्या कुंडीवर एक उंदीर बसला होता. घरातला काळा धटिंगण नव्हे. रानातला, तांबूस, अंगठ्याएवढा, आणि दोन्ही हातांनी तोंड धूत होता. मी किंचाळले. उंदीर गेला, माझ्या हातातला ओला टॉवेल मातीत गेला, आणि ताई माझ्यावर अशा चिडल्या की दिवसभर बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं नवं दुकान सुरू झालं. पहिले फोटो अगदीच टाकाऊ आले. ताई उभ्या राहून काढायच्या, त्यामुळे फोटोत नुसती तपकिरी पाठ यायची. आमचे हे म्हणाले, “ताई, हा तर शेपटी असलेला बटाटा आहे.” मी हसले, पण ताई नाही हसल्या. त्या फोटोकडे बघत म्हणाल्या, “बरोबर आहे. पासपोर्टचा फोटो कुणी माडीवरून काढतं का?”

मग त्यांनी भावाची जुनी पँट चढवली, गोणपाट अंथरलं आणि बासष्टाव्या वर्षी जमिनीवर पालथ्या झाल्या. कॅमेरा उंदराच्या डोळ्यांच्या रेषेत आणला. क्लिकच्या आवाजाने गिऱ्हाईक पळतं म्हणून कॅमेऱ्याला माझ्या जुन्या स्वेटरची बाही घातली. कुंडीच्या मागे गवताची गिचमीड दिसायची, तिथे हातभर अंतरावर राखाडी पुठ्ठा उभा केला. ऊन एका बाजूने यायचं आणि दुसरा गाल काळा पडायचा, म्हणून त्या बाजूला टीव्हीच्या खोक्यातला पांढरा थर्माकोल टेकवला. सूर्यफुलाच्या बिया समोर टाकल्या तर उंदीर मान खाली घालून खात बसतो. तेव्हा एकच बी, तीही कुंडीच्या कडेवर ठेवलेल्या दगडाच्या वरच्या खाचेत. ती घ्यायला तो मागच्या पायांवर उभा राहतो, मान वर करतो, आणि त्याच क्षणी त्याच्या काळ्या मण्यासारख्या डोळ्यात आभाळाचा पांढरा ठिपका उमटतो.

“तो ठिपका आला की माणूस जिवंत दिसतो,” ताई सांगायच्या. “नाहीतर पेंढा भरल्यागत.”

“माणूस नाही, उंदीर,” मी म्हणायची.

“तेच ते.”

सहा महिन्यांत त्यांनी असे काही फोटो काढले की मीही, जी उंदीर म्हटलं की किंचाळते, ते बघत उभी राहायची. अर्थात प्रत्येक फोटोला टचिंग व्हायचं. सवयच ती. मिशा दोन्हीकडे सारख्या, कान गोल, अंगावर डाग नाही. शहाण्या घरातली मुलं शाळेच्या फोटोला बसवावीत तसे दिसायचे सगळे.

आता शेजारी. नर्सरीवाले माणूस म्हणून वाईट नाहीत, फक्त आवाज मोठा. कुंपणाशी उभे राहून बोलले तरी आमच्या स्वयंपाकघरातले डबे वाजतात. एका शनिवारी संध्याकाळी ते थेट घरातच आले.

“ताई, तुमची ती पलटण माझं बी खाते. वाटाण्याचे ट्रेच्या ट्रे उकरलेत. चाप लावून दमलो. आता विषाच्या गोळ्या मागवल्यात. पुढच्या रविवारी येतील, आल्या की कुंपणाच्या कडेने टाकणार. सांगून ठेवतो, नंतर म्हणू नका.”

ताईंनी बशी खाली ठेवली. “पलटण कसली? चार आहेत.”

“चार? अहो, चारशे असतील!”

“चार. मी ओळखते त्यांना.”

“मग दाखवा की. रोज फोटो काढता ना? दहाच्या आत निघाले तर विष नाही टाकणार, ट्रेवर जाळी बसवीन. शब्द देतो. पण फोटोत दिसले पाहिजेत, तुम्ही म्हणता म्हणून नाही.”

ताई उत्साहाने उठल्या आणि त्यांनी छापून ठेवलेले साठेक फोटो जेवणाच्या टेबलावर मांडले. नर्सरीवाले वाकले. एकेक फोटो बघत टेबलाला पूर्ण फेरी मारली.

“फार सुंदर आहेत,” ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. “पण ताई, यात कोण कोण ते सांगा ना. हे एकाचेच साठ फोटो असतील, नाहीतर साठ जणांचा एकेक.”

ताईंनी एक फोटो उचलला, खाली ठेवला, दुसरा उचलला. चष्मा पुसला. मग खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, “एकाचा कान फाटका होता.”

“कुठला?”

“तो… मी नीट केला.”

ताई स्वतःशीच बोलायला लागल्या. “एकाला उजवीकडे मिशाच नव्हत्या, त्या मी रेखून दिल्या. एकाच्या शेपटीला कसला तरी हिरवा डाग होता. तो मी प्रत्येक वेळी पुसायची.” चौथी उंदरीण जरा अंगाने भरलेली होती, तिची कंबर बारीक केली होती, लग्नाच्या फोटोत बायकांची करायच्या तशी.

“मग मूळ फोटो असतील ना?” मी विचारलं, आणि विचारतानाच मला स्टुडिओचा तो नियम आठवला. ताईंनी नुसती मान हलवली. एकही कच्चा फोटो शिल्लक नव्हता.

नर्सरीवाल्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “रविवारपर्यंत वेळ आहे, ताई,” म्हणाले आणि गेले.

मला ताईंचा रागही आला आणि त्यांच्यासाठी वाईटही वाटलं. सहा महिने गोणपाटावर पालथं पडून त्यांनी त्या जिवांना ओळखायची प्रत्येक खूण स्वतःच्या हाताने पुसली होती. त्या रात्री जेवल्या नाहीत. सकाळी मात्र मी उठले तेव्हा गोणपाट गवतात आणि ताई गोणपाटावर होत्या.

तो आठवडा मी विसरणार नाही. सोमवारी आभाळ. मंगळवारी फाटका कान मिळाला, पण हललेला. ताईंच्या हाताला चाळा लागायचा. कॉम्प्युटरवर फोटो उघडला की बोटं आपोआप त्या कानाकडे जायची. शेवटी त्यांनी आमच्या ह्यांना शेजारी बसवलं. ह्यांचं काम एकच, “ताई, हात!” असं ओरडायचं. हे काम त्यांनी फार आनंदाने केलं. लहानपणापासून मोठ्या बहिणीवर ओरडायची संधी त्यांना मिळाली नव्हती.

बुधवारी हिरवी शेपटी. गुरुवारी कान स्वच्छ आला आणि तासाभरात मिशाही आल्या, म्हणजे मिशा नसलेला आला. फोटो छापून त्यांचे गठ्ठे केले. सत्तर-ऐंशी फोटो झाले होते, आणि प्रत्येक फोटो तीन गठ्ठ्यांपैकी एकात जात होता. चौथी तेवढी येत नव्हती. तिचा फोटो नसेल तर हिशेब अपुरा, आणि नर्सरीवाले अपुऱ्यावर विश्वास ठेवणारे नव्हेत. पाचवं कुणी त्या आठवड्यात फिरकलं नाही, पण चौथीचाही पत्ता नव्हता.

शुक्रवारी ताईंची कंबर धरली. उठताच येईना. आम्ही दोघांनी त्यांना आत आणून झोपवलं, शेक दिला. शनिवारी सकाळी त्या कशाबशा परसातल्या खुर्चीत बसल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

“नाही,” मी म्हणाले.

“मी कुठे काय म्हणतेय?”

“माझ्याने नाही होणार. एक हातभर अंतरावर उंदीर! मी मरेन, ताई.”

“बरं,” ताई म्हणाल्या आणि गवताकडे बघत बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. हट्ट केला असता तर मी भांडले असते. त्यांनी हट्ट केला नाही, म्हणून मी पालथी झाले.

गोणपाट टोचत होतं, कोपराखाली खडा होता, आणि माझं काळीज इतकं वाजत होतं की त्यानेच उंदीर पळतील असं वाटलं. मागून ताईंची कुजबुज. श्वास सोड. बोट वर नुसतं ठेव. कुंडीकडे बघ, गवताकडे नको. किती वेळ गेला कोण जाणे. दवाखान्यात माणसांना ताटकळत बसवायची मला सवय आहे, स्वतः ताटकळायची नाही. मी उठायच्या बेतात होते, तेवढ्यात कुंडीच्या कडेवर दोन हात आले. मग नाक. मग सगळी ती, सावकाश, स्वतःचं वजन सांभाळत वर चढली आणि माझ्याकडे तोंड करून बसली. दम लागला होता तिला. बरगड्या वरखाली होत होत्या.

मला किंचाळायचं सुचलंच नाही. दवाखान्यात जिना चढून आलेल्या बायका अशाच टेकतात. तिने मान वर केली, डोळ्यात ठिपका आला, आणि मी बोट दाबलं. त्यानंतर मी इतकी हसले आणि ताई इतक्या हसल्या की त्यांची कंबर पुन्हा धरली.

आनंद तासभर टिकला. फोटो मोठा करून बघितला आणि ताईंनी खुर्ची पुढे ओढली. “ही नुसती भरलेली नाही गं. पोटुशी आहे.”

माझ्याही ते लक्षात आलं होतं, फक्त अर्थ नंतर कळला. एका खेपेला सहा-सात पिल्लं. चार आणि सात मिळून किती होतात हे नर्सरीवाल्यांनाही कळतं.

आता मी जे बोलले ते मला सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी म्हणाले, “ताई, कंबर बारीक करा. एवढंच करा. आजवर सगळ्या गावाची केलीत.”

हे “ताई, हात!” म्हणून ओरडले नाहीत. ताईंनी उंदीर, म्हणजे कॉम्प्युटरचा माउस, हातात घेतला. बाण त्या पोटापाशी नेला. तिथे थांबल्या. त्यांना ते काम दोन मिनिटांचं होतं आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं. मग त्यांनी हात मागे घेतला.

“नाही गं. एवढा जीव घेऊन वर चढली ती. मी कोण तिचं पोट खोडणार?” म्हणाल्या, आणि फोटो होता तसा छापला.

रविवारी सकाळी नर्सरीवाले आले. टेबलावर चारच फोटो मांडलेले, बाजूला गठ्ठे. ताई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, कंबरेला पट्टा.

हिरव्या शेपटीपाशी नर्सरीवाले मोठ्याने हसले. “अहो, हा माझ्या गेटचा रंग आहे! ओला असताना कोण चालून गेलं म्हणून मी पोरांना दम भरला होता.” मिशांचा फोटो बघून मान डोलावली. गठ्ठे चाळले, पाचवा शोधला, नाही सापडला. मग चौथीचा फोटो उचलला.

“ही खाऊन खाऊन सुटलीय,” ते म्हणाले. “माझ्याच बियांवर. ठीक आहे ताई, चार तर चार. जिंकलात तुम्ही.”

माझा जीव भांड्यात पडला. आणि तेवढ्यात माझी नणंद म्हणाली, “ती सुटलेली नाही. पोटुशी आहे. आठवड्याभरात दहाच्या वर जातील. तुम्हाला ठाऊक असावं.”

मी कपाळाला हात लावला. ह्यांनी वर्तमानपत्र वर केलं.

नर्सरीवाल्यांनी फोटो पुन्हा बघितला, या वेळी बराच वेळ. “तुम्ही बोलला नसतात तर मला कळलं नसतं.”

“माहीत आहे.”

“मग का बोललात?”

“तुम्ही फोटो बघून शब्द पाळणार. तर फोटोत जे आहे ते सगळं बघा.”

त्यांनी चौथीचा फोटो जागेवर ठेवला आणि राहिलेला एक उचलला, फाटक्या कानाचा. कानाची कड सरळ रेषेत तुटलेली होती. मोठ्या आवाजाचा तो माणूस अगदी हळू म्हणाला, “मागे एकदा चापात एवढाच तुकडा सापडला होता. मी झटकून टाकला आणि चाप पुन्हा लावला.”

फोटोतला उंदीर मान वर करून सरळ त्यांच्याकडे बघत होता. ताईंनी सहा महिने शिकून शिकून तो नेमका डोळ्यांच्या रेषेत आणला होता, त्यामुळे नजर चुकवायची सोय नव्हती.

“मोजणी आजची ठरली होती,” नर्सरीवाले शेवटी म्हणाले. “आज चार आहेत. जाळी बारीक घेतो, म्हणजे पिल्लंही शिरणार नाहीत. गोळ्या परत पाठवतो.” मग जरा घुटमळले. “ताई, हा फोटो मला द्याल? दुकानात लावीन. फक्त… कान तेवढा नीट करून द्या. तुमच्या हाताला अवघड नाही.”

वीस वर्षांत ताईंनी कुणा गिऱ्हाइकाला टचिंगला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

“कान मी तोडला नाही,” त्या शांतपणे म्हणाल्या, “आणि मी जोडणारही नाही. न्यायचा तर असाच न्या.”

मला वाटलं, आता हा माणूस रागावून जाणार आणि जाळीही त्याच्याबरोबर जाणार. त्यांनी फोटो बराच वेळ हातात धरला. मग खिशातला रुमाल काढून त्यात तो गुंडाळला, कोपरे दुमडू नयेत असा, आणि “असाच नेतो” म्हणाले.

दुपारी मी वाळलेले कपडे काढायला परसात गेले, तर कुंपणापलीकडे ते एकटेच गुडघ्यांवर बसले होते. नर्सरीच्या भिंतीच्या कडेने लावलेले चाप एकेक करून उचलत होते आणि बादलीत टाकत होते.